टॅरिफ, तारीफ, मारफत आणि उर्फ

प्रश्न आला आहे तो असा: ‘टॅरिफ’ला मराठीत काय म्हणावे? आयातशुल्क, सीमाशुल्क, जकात, की सरळ कर? आणि बातम्यांत कधी ‘टॅरिफ लावला’, कधी ‘लावली’, कधी ‘लावले’ असते. त्यातले बरोबर कोणते?

सगळ्यात आधी ‘टॅरिफ कर’ लिहिणे बंद करावे. त्यापाठोपाठ २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क चढवले तेव्हा बातम्यांत आलेली ‘भारतावर ५० टक्के टॅरिफ’ आणि ‘भारताला ५० टक्के टॅरिफ भरावे लागणार’ ही दोन वाक्ये. पहिले ढिले आहे, दुसरे साफ चूक. शुल्क देशावर बसत नाही, मालावर बसते. आणि भरतो तो अमेरिकेत माल उतरवून घेणारा आयातदार, तेही अमेरिकेच्याच सीमाशुल्क खात्याकडे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचा कापड कारखानदार त्या खात्याला एक पैसा देत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो निराळा भार: गिऱ्हाईक दरात सूट मागते, ऑर्डर अर्ध्यावर आणते, नाहीतर बांगलादेश किंवा व्हिएतनामकडे वळते. सौदा ‘डीडीपी’ अटीवर झाला असेल, म्हणजे शुल्क भरून माल दारात पोहोचवण्याची जबाबदारी विकणाऱ्याने घेतली असेल, तरच तो भुर्दंड त्याच्या खिशातून जातो.

म्हणून लिहायचे ते ‘भारतीय मालावर ५० टक्के जादा आयातशुल्क’. यातला ‘जादा’ गाळू नये. सुती विणलेल्या टी-शर्टवर अमेरिकेचे नेहमीचे शुल्क १६.५ टक्के होतेच. ७ ऑगस्ट २०२५ पासून त्यावर २५ टक्के आले आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५. बेरीज तेव्हा ६६.५. हे सगळे टक्के एकाच किमतीवर आकारले जातात, एकावर एक चढत नाहीत; आणि अमेरिकेत ती किंमत समुद्रभाडे व विमा वगळून धरतात. आपल्याकडे उलट. भाडे-विमा धरून मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा एकात्मिक जीएसटी. १०० रुपयांच्या मालावर २० टक्के मूळ शुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी असेल, तर हिशोब ३८ रुपयांचा नसून ४३ रुपये ९६ पैशांचा होतो. ‘५० टक्के टॅरिफ म्हणजे शर्ट ५० टक्के महाग’ हे तर दोन्ही देशांत चूक. १० डॉलरला उतरलेला शर्ट दुकानात ३० डॉलरला विकला जात असेल, तर ६ डॉलर ६५ सेंटचे सगळे शुल्क गिऱ्हाइकावर टाकले तरी किंमत सुमारे २२ टक्केच वाढते.

आता खऱ्या मौजेच्या गोष्टीकडे वळू. टॅरिफ हा शब्द अरबी आहे, आणि त्याचे सख्खे भाऊ मराठीच्या घरात कित्येक पिढ्या राहत आहेत. अरबीत ‘ऐन-रे-फे’ या तीन अक्षरांचा धातू आहे, अर्थ ‘जाणणे, ओळखणे’. त्यापासून ‘तारीफ’ झाला, म्हणजे ‘माहीत करून देणे, जाहीर करणे’. भूमध्य समुद्राच्या बंदरांत अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांची देवघेव चाले, तिथून तो इटालियनमध्ये ‘तारिफ्फा’ म्हणून शिरला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला. बंदरात काय वजनमाप चालते आणि कशावर किती द्यायचे, हे कळवणारा तक्ता, हा त्याचा अर्थ. १५०३ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या वजनमापांच्या एका पुस्तकाच्या नावातच ‘तारिफ्फा’ आहे.

तोच ‘तारीफ’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. उर्दूत आजही त्याचा एक अर्थ ‘व्याख्या’ असा आहे, आणि ‘आपकी तारीफ?’ हा प्रश्न स्तुतीचा नसून ओळखीचा असतो. मराठीने त्यातली स्तुती तेवढी ठेवली. पण मराठीने त्याच धातूचे आणखी दोन शब्द घेतले आणि ते इतके मुरवले, की परके वाटतच नाहीत. एक ‘मारफत’. मूळ ‘मअरिफत’, म्हणजे ओळख. ज्याच्या ओळखीने काम होते, त्याच्या मारफत ते होते. दुसरा ‘उर्फ’, म्हणजे ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते. माल दलालाच्या मारफत सोडवणे आणि त्यावर टॅरिफ भरणे, या एका वाक्यात एकाच धातूची दोन रूपे शेजारी बसतात. देवनागरीत ‘ऐन’ला अक्षर नाही, म्हणून ही भावकी आपल्याला दिसत नाही, इतकेच.

इथे एका लाडक्या कथेचा समाचार घेणे भाग आहे. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा नावाचे गाव आहे. तिथले लोक ये-जा करणाऱ्या जहाजांकडून पैसे उकळत, म्हणून ‘टॅरिफ’, असे मोठमोठे लेखक खुशाल लिहून जातात. हे चूक आहे, आणि चूक का ते दोन अक्षरांत दाखवता येते. गावाला नाव मिळाले ते ७१० साली तिथे उतरलेल्या तारीफ इब्न मालिक या सेनानीवरून. त्याच्या नावातला ‘त’ हा अरबी ‘तोय’, आणि ‘ऐन’ त्यात मुळीच नाही. धातू ‘तोय-रे-फे’. आपला शब्द ‘ते’ या निराळ्या अक्षराने सुरू होतो आणि पुढे ‘ऐन’ येतो. रोमन लिपीत आणि देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात म्हणून ते एक होत नाहीत. अरबी लिपीत पाहिले की संशयाला जागा उरत नाही.

आणि त्या दुसऱ्या धातूचाही वंशज मराठीत आहे: ‘तर्फे’. ‘तरफ’ म्हणजे बाजू, कड. गावांच्या गटाला तरफ म्हणत, ती हीच. म्हणजे तारिफा गाव ‘तर्फे’च्या कुळातले आणि टॅरिफ ‘मारफत’च्या. हे दोन शब्द आपण रोज अदलाबदल करून वापरतो तेही चूकच. वकील अशिलातर्फे उभा राहतो, कारण तो त्याच्या बाजूचा असतो. नोटीस बेलिफामार्फत येते, आणि बेलिफ कुणाच्याच बाजूचा नसतो.

युरोपीय भाषांनी सीमाशुल्काच्या कचेरीचे नावसुद्धा याच वाटेने घेतले. फ्रेंच ‘दुआन’ आणि इटालियन ‘दोगाना’ म्हणजे मूळचा ‘दिवाण’. आपली दिवाणी न्यायालये आणि दिवाणखाना त्याच घरातले.

व्युत्पत्तीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर हे की तिच्यामुळे अर्थ नीट लागतो. टॅरिफ म्हणजे तक्ता. तक्त्यानुसार जे द्यायचे ती ड्यूटी, म्हणजे शुल्क. हॉटेलच्या भिंतीवरचे ‘टॅरिफ कार्ड’ आणि राज्य विद्युत नियामक आयोगाची ‘टॅरिफ ऑर्डर’ या वापरांत जुना अर्थ शाबूत आहे, आणि वर्तमानपत्रांनी मात्र तो घालवला. भारताचे दोन कायदेही हा भेद पाळतात: १९६२ चा कायदा शुल्क कसे घ्यायचे ते सांगतो, १९७५ चा ‘कस्टम्स टॅरिफ’ कायदा दरांचे तक्ते देतो.

हा भेद कोरडा नाही. ‘सगळ्या भारतीय मालावर ५० टक्के’ असे ठळक मथळे आले तेव्हा आदेशासोबतच्या तक्त्यात औषधे आणि स्मार्टफोन वगळलेले होते. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारी यांचे शुल्क १९६२ च्या निराळ्या अमेरिकी कायद्याखाली, निराळ्या दराने. घोषणा ऐकून काही कळत नाही. मालाचा दहा आकडी वर्गीकरण क्रमांक तक्त्यात शोधावा लागतो, आणि पहिले सहा आकडे जगभर सारखे असले तरी पुढचे चार ज्या त्या देशाचे असतात. भारतीय बिलावरचा आठ आकडी क्रमांक तसाच अमेरिकेत लावला की माल अडकतो.

या जादा शुल्कावरून वॉशिंग्टनमध्ये झालेला वादही शब्दाचाच होता, आणि तो मराठीत नीट आलेला नाही. अमेरिकी राज्यघटनेने पहिल्या कलमाच्या आठव्या भागात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ‘टॅक्सेस, ड्यूटीज, इम्पोस्ट्स, एक्साइजेस’ बसवण्याचा अधिकार दिला. चार शब्द मोजून दिले, त्यांत टॅरिफ नाही. अध्यक्ष ट्रम्प यांनी जादा शुल्क लावताना आधार घेतला तो आणीबाणीतील आर्थिक अधिकारांच्या १९७७ च्या कायद्याचा. त्यात अध्यक्षाला आयात ‘रेग्युलेट’ करण्याची, म्हणजे तिचे नियमन करण्याची मुभा आहे. टॅरिफ, ड्यूटी, टॅक्स यांपैकी एकही शब्द नाही. सरकारचे म्हणणे होते, नियमनात शुल्क येतेच. हे शुल्क तिजोरी भरण्यासाठी नाही, नियमनासाठी आहे. २८ मे २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि २९ ऑगस्टला फेडरल अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी ते नाकारले. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे डी. जॉन सॉअर आणि विरोधी व्यापाऱ्यांतर्फे नील कत्याल उभे राहिले. न्यायमूर्ती बॅरेट यांनी विचारलेला प्रश्न कुठल्याही कोशकाराने विचारावा असा होता: ‘आयातीचे नियमन’ या शब्दांनी शुल्काचा अधिकार दिल्याचे दुसरे उदाहरण कायद्याच्या पुस्तकात कुठे आहे का?

त्याहून नेमका मुद्दा ‘आयात’च्या शेजारी बसलेल्या शब्दाचा. कायद्यात तेच क्रियापद आयात आणि निर्यात दोहोंना लागते, आणि निर्यातीवर कर बसवायला घटनेने साफ मनाई केली आहे. एका क्रियापदाचा अर्थ एका कर्माबरोबर ‘कर लावणे’ आणि दुसऱ्याबरोबर ‘कर सोडून बाकी सगळे’ असा कसा होईल? मला हा युक्तिवाद सगळ्यांत भक्कम वाटतो. ब्राझीलमध्ये माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावर चाललेला खटला हे कारण देऊन ब्राझिली मालावर ४० टक्के जादा शुल्क लावताना आधार याच क्रियापदाचा होता. दुसऱ्या देशाच्या न्यायालयावर दबाव आणण्याला ‘आयातीचे नियमन’ म्हणायचे असेल, तर शब्दाला अर्थच राहत नाही.

‘रेसिप्रोकल टॅरिफ’ची मराठी तर बघवत नाही. ‘जशास तसे शुल्क’ म्हणणे खोटे आहे. ट्रम्प यांच्या या नावाच्या शुल्काच्या २ एप्रिल २०२५ च्या तक्त्यात भारतापुढे ५२ आणि २६ हे आकडे होते. ५२ हा भारताच्या शुल्काचा दर नव्हताच; अमेरिकेची भारताशी असलेली व्यापारी तूट भागिले भारतातून झालेली आयात, एवढाच तो भागाकार, आणि २६ त्याचा निम्मा. जे मोजलेच नाही त्याला ‘तसे’ कसे म्हणायचे? ‘परस्पर शुल्क’ त्याहून वाईट. मराठीत ‘परस्पर’चा रोजचा अर्थ ‘एकमेकांना’ असा नसून ‘आपल्याला न विचारता’ असा आहे: त्याने जमीन परस्पर विकली. अमेरिकेने वापरलेला शब्द म्हणून द्यायचा असेल तर अवतरणात ‘प्रतिशुल्क’ द्यावे.

आणि ‘जकात’. हा शब्द नको, तो पालिकेच्या नाक्याचा आहे, असे बजावणाऱ्या परिभाषाकारांशी माझे मुळीच पटत नाही. नाक्यावरची जकात हा त्याचा आकसलेला, अलीकडचा अर्थ आहे, आणि मुंबईतला शेवटचा नाकाही १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपला. शब्द आता मोकळा आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले, कारण ते स्वस्त मीठ कोकणातल्या मिठाला मारत होते. परक्या मुलखाचा माल, देशी उत्पादकाचे रक्षण, जाणूनबुजून चढा दर: आजचा प्रश्न ज्या अर्थाचा आहे तोच अर्थ, साडेतीनशे वर्षांपूर्वी, मराठीत. पुढे अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांनीही ‘संरक्षक जकात’ हाच शब्द चालवला. मूळ अरबी जकात धर्मादाय दानाची आहे हा आक्षेपही टिकत नाही. मराठीत आल्यावर शब्द मराठीचा. हिंदीतून येऊ घातलेल्या ‘प्रशुल्क’ला मात्र दारातूनच परत पाठवावे. ‘प्र’ लावल्याने अर्थात भर काय पडली, हे त्याच्या कैवाऱ्यांना सांगता आलेले नाही.

तेव्हा दरांचा तक्ता तो दरपत्रक, रक्कम ते आयातशुल्क, आणि देशी धंद्याच्या रक्षणासाठी किंवा परदेशाला वाकवण्यासाठी मुद्दाम चढवलेले शुल्क ती जकात. लिंगाचे विचारले होते: ‘शुल्क’ मनात धरून ‘ते टॅरिफ’ म्हणावे, ‘कर’ मनात धरून ‘तो’ म्हटले तरी चालेल. ‘ती’ मात्र स्तुतीची तारीफ.