मजकुरातल्या लिंक शोधून बदलायला स्वतःचा रेगेक्स पुरेल का?

लोकांनी लिहिलेल्या साध्या मजकुरातल्या लिंक शोधून त्या जागी अँकर टॅग (लिंक दाखवणारा एचटीएमएल कोड) टाकायचेत, आणि 'एचटीटीपीपासून मोकळी जागा येईपर्यंत सगळं उचल' एवढा रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) त्याला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) घ्या. जावास्क्रिप्टमध्ये लिंकिफाय-इट आहे, पर्लमध्ये यूआरआय::फाइंड.

लिंक सुरू कुठे होते हे कोणालाही ओळखता येतं. खरी मेख आहे ती संपते कुठे यात. 2005 च्या आरएफसी 3986 या वेबपत्त्यांच्या मानकाप्रमाणे पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस ही सगळी चिन्हं पत्त्यात चालतात. मग 'उदाहरण.भारत/नदी.' यातला शेवटचा टिंब पत्त्याचा की वाक्याचा? नियम काही सांगत नाही, अंदाजच बांधावा लागतो. शेवटचं विरामचिन्ह सरसकट गाळावं म्हटलं तर विकिपीडियाचे 'नदी_(निःसंदिग्धीकरण)' असे पत्ते तुटतात. न गाळावं तर '(पाहा: उदाहरण.भारत/नदी)' यातला वाक्याचा कंस लिंकला चिकटतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या मार्कडाउनने (साध्या मजकुरातच मांडणीच्या खुणा लिहिण्याच्या पद्धतीने) यावर छान तोड काढली आहे: लिंकच्या शेवटी बंद कंस असेल तर आतले उघडे आणि बंद कंस मोजायचे, आणि बंद जास्त भरले तर जादाचे बाहेर ठेवायचे. असे बारकावे लायब्ररीत आधीच बसवलेले असतात.

मजकूर मराठी असेल तर आणखी जपा. पायथनच्या 're' या रेगेक्स मॉड्यूलऐवजी दुसरं काही वापरत नसाल, तर त्यातला 'बॅकस्लॅश डब्ल्यू' (शब्दातलं कुठलंही अक्षर) देवनागरी अक्षरं धरतो, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार धरत नाही. 'उदाहरण.भारत/पुस्तक' मधला 'प' सापडतो आणि पहिल्याच उकाराशी लिंक तुटते. शिवाय आपण विभक्तीचे प्रत्यय जोडून लिहितो. 'उदाहरण.भारत/पुस्तकवर वाचा' यातला 'वर' पत्त्याचा नाही, हे कुठल्याच लायब्ररीला कळणार नाही. ब्राउझरमधून चिकटवलेल्या पत्त्यात देवनागरी बहुधा टक्के-चिन्हांच्या रूपात येते, एका अक्षरचिन्हामागे नऊ चिन्हं. अशा पत्त्याच्या शेपटीला अचानक उघडी देवनागरी दिसली, तर मी लिंक तिथेच तोडतो. हा माझा ठोकताळा आहे, पण उपयोगी पडतो.

आता बदलण्याचं. आधी जागा शोधून मग एकेक बदलत बसू नका. पहिली लिंक लांबली की पुढच्या सगळ्या जागा सरकतात. यूआरआय::फाइंडला कॉलबॅक, म्हणजे प्रत्येक लिंक सापडली की बोलावलं जाणारं तुमचं फंक्शन, द्यायचा असतो. त्याला यूआरआय (म्हणजे पत्त्याचं) ऑब्जेक्ट आणि मूळ मजकूर मिळतो, आणि तो जे परत देईल ते लिंकच्या जागी बसतं. लिंकबाहेरचा मजकूर एस्केप करायला (कोनी कंसासारखी चिन्हं एचटीएमएलला सुरक्षित रूपात बदलायला) त्याच फाइंडला वेगळं फंक्शनही देता येतं, आणि ते जरूर द्या. सगळा मजकूर आधीच एस्केप केलात तर लिंकला लागून असलेल्या कोनी कंसाचं एंटिटी (चिन्हाऐवजीचा एचटीएमएल संकेत) होतं आणि तिचे तुकडे पत्त्यात शिरतात. कॉलबॅकच्या आत पत्ता आणि दिसणारा मजकूर मात्र तुम्हालाच एस्केप करावा लागेल.

कोणत्या स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीचे प्रकार) चालतील तेही तिथेच ठरवा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, बस्स. 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारं काहीही अँकरमध्ये जाता कामा नये. आणि मजकूर आधीपासून एचटीएमएल असेल तर हे थेट त्यावर चालवू नका. पार्सरने (एचटीएमएलची रचना वाचणाऱ्या साधनाने) फक्त टेक्स्ट नोड (टॅगांमधला नुसता मजकूर) काढा, अँकरच्या आतले वगळा.