आधी कागद खरडा, मग एआयला विचारा

नव्याने कथा लिहिताय, तर एआय वापरूच नका असं म्हणणार नाही. फक्त पहिली कल्पना त्याच्याकडून घेऊ नका. काही सुचत असतं तेव्हा मेंदूतली दोन जाळी जोडीने राबतात: मन भरकटताना जागं होणारं 'डिफॉल्ट मोड नेटवर्क', आणि त्यातलं काय ठेवायचं ते ठरवणारं नियंत्रणाचं जाळं. (उजवा मेंदू कलाकार, डावा हिशेबनीस हे विसरा, ते केव्हाच मोडीत निघालंय.) आयतं समोर आलं की भरकटायची वेळच येत नाही.

२०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या विज्ञान नियतकालिकात डोशी आणि हाउझर या संशोधकांचा प्रयोग आला. आठ वाक्यांची गोष्ट लिहायची; काहींना जीपीटी-४ या एआयच्या कल्पना घेता येत होत्या. त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना सरस वाटल्या, पण एकमेकींशी जास्त मिळत्याजुळत्या निघाल्या. संपादकाकडे गठ्ठा गेला की नेमकं हेच नडतं.

तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि दहा-बारा सुरुवाती खरडा. पहिल्या तीन-चार बहुधा कुणालाही सुचतील अशाच असतात, त्या खोडा. उरलेल्यांतली एक धरून कथा पुरी करा, मग एआयला विचारा कुठे रेंगाळतेय. ऱ्हस्व-दीर्घ मात्र स्वतः तपासा, तिथे तोही गटांगळ्या खातो.