जड पोलादी पिस्तूल विकून हलके घ्यावे का? आधी परवान्यावरचा रकाना वाचा

भाऊ, तुम्ही लिहिले आहे की वडिलांच्या माघारी त्यांचे .३२ बोरचे (बोर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) जुने परदेशी, पूर्ण पोलादी, मोठ्या मापाचे पिस्तूल वारसाने तुमच्या परवान्यावर आले. केळीच्या व्यवहाराची रोकड घेऊन रावेर, सावदा, बऱ्हाणपूर असे फिरावे लागते, दिवसभर कमरेला ते ओझे सोसत नाही, आणि म्हणून ते विकून एखादे हलके, आखूड पिस्तूल घ्यावे का, असा तुमचा प्रश्न आहे. आमचा व्यवसाय आडतीचा असून अगदी हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर होता, त्यामुळे सविस्तर लिहितो. मी वकील नाही आणि शस्त्रांचा कारागीरही नाही. परवानाधारक म्हणून जे अनुभवले आणि सरावाच्या मैदानावर जुन्या जाणत्या मंडळींकडून जे शिकलो, तेवढेच सांगतो. परवाना कसा काढावा, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कुठले लागते, या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेतच.

तुम्ही ज्या चित्रफिती पाहून मत बनवत आहात, त्या बहुतेक अमेरिकेतल्या आहेत. तिथला वाद मुख्यतः १९११ हे पोलादी पिस्तूल आणि ग्लॉक १९ सारखी पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या सांगाड्याची पिस्तुले यांच्यातला आहे. पहिले रिकामे असतानाच सुमारे १.१ किलो भरते, तर दुसरे ६०० ग्रॅमच्या आसपास. परंतु तिथली चर्चा .४५ आणि ९ मिमी काडतुसांना धरून चालते, आणि ही दोन्ही बोर आपल्याकडे सर्वसाधारण परवानाधारकाला मिळत नाहीत. आपल्या वाट्याला पिस्तुलात येते ते .३२, म्हणजे ७.६५ मिमी. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ साली आणलेले हे काडतूस मुळात सौम्य आहे. त्यामुळे ‘हलके पिस्तूल हातात उसळते, नेम हुकतो’ हा तिथला आक्षेप आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि ‘जड म्हणजेच भरवशाचे’ हेही तितकेसे खरे राहत नाही.

तरीही वजनाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. काडतूस तेच असेल आणि शस्त्राचे वजन निम्मे केले, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुपटीच्या जवळ जाते. .३२ मध्ये मुळातला धक्काच लहान असल्याने ही वाढ सरावलेल्या हाताला पेलते. .३२ ची बहुतेक पिस्तुले ज्या रचनेची असतात ती मात्र दुकानदार समजावून सांगत नाहीत. १९११ मध्ये गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड (नळीवरचा, गोळी सुटल्यावर मागे सरकणारा भाग) एकमेकांत अडकलेली असतात. वॉल्थर पीपीसारख्या .३२ पिस्तुलात नळी पक्की बसवलेली असते, आणि त्या क्षणी मागचा दाब केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगची ताकद रोखून धरते. म्हणून अशा पिस्तुलाची स्लाइड हवी तेवढी हलकी करता येत नाही. हलकी केली की स्प्रिंग कडक करावी लागते. परिणामी आखूड, हलके पिस्तूल हातात घेतल्यावर सुखद वाटते, परंतु घामेजलेल्या बोटांनी त्याची स्लाइड मागे ओढताना दमछाक होते. पकडायला जागा कमी आणि स्प्रिंग ताठ, अशी ती अडचण असते. विकत घेण्यापूर्वी दुकानात स्लाइड दहा वेळा ओढून पाहा, आणि घरात दुसरे कोणी परवानाधारक असेल तर त्यांनाही ओढायला लावा.

लपण्याच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. लोक नळीची लांबी मोजतात, प्रत्यक्षात कपड्यातून दिसते ती मूठ. नळी पायजम्याच्या आत जाते, मूठ मात्र बंडीला कोन काढते. मोठ्या मापाच्या पिस्तुलाची नळी वेगळाच त्रास देते. आपल्याकडे गादीवर मांडी घालून बसण्याची पद्धत आहे, आणि मांडी घातली की लांब नळी जांघेत रुतते व मूठ बरगडीत टोचते. बसताना कमरेचे शस्त्र चारचौघांत हाताने सरकवणे हे सर्वांत वाईट, कारण पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. दिवसभर गादीवर बसणाऱ्याने मोठे पिस्तूल बाळगू नये, हे माझे ठाम मत आहे. दिवसभर गाडी चालवणाऱ्यानेही सीटचा पट्टा लावून, बसलेल्या स्थितीत होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचे शस्त्राचे म्यान, तपासावे.

मग हलक्यात हलके घ्यावे काय? माझ्या मते नाही. २०१४ साली कानपूरच्या फिल्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे .३२ रिव्हॉल्वर (यात काडतुसे फिरत्या चक्रीत भरतात, पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात) बाजारात आणले, तेव्हा पुष्कळांनी वजनाचा आकडा पाहूनच मागणी नोंदवली. ते शस्त्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु हलक्या शस्त्राला जास्त सराव लागतो, आणि आपल्याकडे काडतुसांची किंमत व परवान्यावरची मर्यादा पाहता तेवढा सराव फारच थोडे लोक करतात. रोज बाळगण्यासाठी मला मधला मार्ग योग्य वाटतो: धातूचेच, पण आखूड, ६५० ते ७०० ग्रॅमच्या आसपासचे. त्यात मूठ हाताला भरते, धक्का जाणवत नाही, आणि चांगला दुहेरी कातड्याचा पट्टा असेल तर संध्याकाळपर्यंत कंबर भरून येत नाही. खरे म्हणजे तुमची निम्मी तक्रार पट्ट्याचीही असू शकते. मऊ पट्ट्यावर अर्धा किलोसुद्धा लोंबते. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर आणि ताठ पट्टा आधी घ्या, महिनाभर वापरा, आणि मगच विक्रीचा विचार करा.

आता ज्यासाठी एवढे लिहायला बसलो ते सांगतो. शस्त्र बदलण्यात माझे सर्वांत मोठे नुकसान शस्त्रामुळे झाले नाही, कागदामुळे झाले. जुने पिस्तूल विकून दुसरे पिस्तूल घेण्याची परवानगी मी रीतसर मागितली होती, आणि अर्जात ‘पिस्तूल, .३२’ असे स्पष्ट लिहिले होते. संबंधित कार्यालयाने, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही, परवानगी दिली आणि परवान्यावर नोंद करताना शस्त्रप्रकाराच्या रकान्यात ‘रिव्हॉल्वर’ असे चढवले. जुने पिस्तूल तोपर्यंत परवानगीप्रमाणे विकले गेले होते. नवे घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने नोंद पाहिली आणि शस्त्र द्यायला नकार दिला. त्याचा नकार योग्यच होता. बोर .३२ लिहिलेला असला तरी दोन्ही शस्त्रांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्वरचे काडतूस लांब आणि काठवाले असते, पिस्तुलाचे आखूड असते, आणि चुकीच्या नोंदीवर चुकीचे काडतूस देणे हा त्याच्या परवान्यावर गदा आणणारा प्रकार आहे.

दुरुस्तीचा अर्ज दिला, तर तो दुरुस्तीचा न मानता नव्या शस्त्राचा मानला गेला, आणि पोलीस अहवाल पुन्हा मागवण्यात आला. एका टेबलावर सांगत की कागदी फायलीत ‘पिस्तूल’च आहे, ऑनलाइन नोंद आमच्या हातात नाही. दुसऱ्या टेबलावर सांगत की संगणकावर जे दिसते तेच खरे. त्यातच निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि फाईल थांबली. केळीचा एक पूर्ण हंगाम, मजुरांचे पगार आणि शेतकऱ्यांचे पैसे घेऊन, मी संरक्षणाविना त्याच रस्त्यांवरून फिरलो. ज्या धोक्याचा अहवाल पाहून त्याच यंत्रणेने मला परवाना दिला होता, त्या धोक्याची आठवण त्या काळात त्यांच्यापैकी एकालाही झाली नाही, याचा राग मला आजही आहे. एका शब्दाची दुरुस्ती होती ती. शेवटी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली माझ्याच अर्जाची आणि त्यावरच्या टिपणीची प्रमाणित प्रत मागितली. ती हाती आल्यावर ‘पिस्तूल’ हा शब्द त्यांच्याच शिक्क्यानिशी समोर ठेवता आला, आणि मग नोंद बदलली. परवान्यावर लिहिलेली खरेदीची मुदत तोपर्यंत संपली होती, तिच्या वाढीसाठी वेगळा अर्ज करावा लागला.

म्हणून माझा आग्रह असा की परवानगीचा कागद आणि परवान्यावरची नोंद दोन्ही हातात येईपर्यंत, आणि त्यातला प्रत्येक रकाना तुम्ही स्वतः वाचेपर्यंत, वडिलांचे पिस्तूल हातातून जाऊ देऊ नका. शस्त्रप्रकार, बोर, खरेदीची मुदत आणि क्षेत्र, हे चारही पाहा. ऑनलाइन नोंदीची छापील प्रत मागून कागदाशी ताडून घ्या. प्रत्येक अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या. ‘साहेबांनी सांगितले आहे, होऊन जाईल’ यावर विसंबू नका.

क्षेत्राचा रकाना तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर रावेरहून बऱ्हाणपूरला जाताना तुम्ही मध्य प्रदेशात परवान्याच्या बाहेर जाता. नवापूरहून सुरतेकडे, शिरपूरहून सेंधव्याकडे जाणाऱ्यांचेही तेच. आपल्या खानदेशाला दोन राज्यांची हद्द लागलेली आहे आणि व्यापार हद्द पाहून चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक विचार करा. विकायलाच हवे काय? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोन शस्त्रे ठेवता येतात. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे तुमच्या वडिलांचे पिस्तूल एकदा गेले की तसे दुसरे सहजी मिळणार नाही. चांगल्या स्थितीतले असेल तर ते घरी व शेतावर ठेवावे आणि रोजच्या फिरतीसाठी दुसऱ्या, आखूड शस्त्राची परवानगी मागावी, असे मला वाटते. जुन्या परदेशी पिस्तुलाचे मॅगझिन आणि स्प्रिंगा मिळणे कठीण असते, हा त्याचा दोष मात्र आहे. स्प्रिंग थकली असेल, किंवा स्लाइड आणि सांगाडा यांच्यात हलवून खळखळ जाणवत असेल, तर रोज बाळगण्याचा आग्रह सोडा.

देखभालीबद्दल थोडेसे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि घाम पाठीवरून थेट मुठीत उतरतो. पोलादावरचा निळा मुलामा त्या खाऱ्या घामाने उडतो, आणि कातडी होल्स्टर तोच घाम शोषून रात्रभर शस्त्राला लावून ठेवते. घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, तेलाच्या फडक्याने पुसून वेगळे ठेवा. अंगाकडची बाजू, मुठीचे स्क्रू आणि मागच्या साइटखालची (नेम धरायच्या खुणेखालची) खाच आधी गंजते. होल्स्टर सावलीत वाळवा. गाडीच्या कप्प्यात शस्त्र ठेवून बाजारात जाऊ नका.

सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्येच असावे, असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. लग्नाच्या वरातीत तर ते घरीच कुलपात राहू द्या. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाखापर्यंतच्या दंडाचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गर्दीत कुणी आग्रह केला तर नाही म्हणणे जड जाते.

तुमच्या परवान्यावर शस्त्रप्रकार आणि क्षेत्र या दोन रकान्यांत नेमके काय लिहिले आहे ते, नाव आणि क्रमांक झाकून, कळवा. तसेच सध्याचे होल्स्टर कमरेच्या कोणत्या बाजूला आणि पट्ट्याच्या आत की बाहेर लावता तेही लिहा. वजनाचा त्रास त्यावरच बराचसा अवलंबून असतो, आणि ते कळल्याशिवाय तुमच्यासाठी नेमके माप सुचवणे मला योग्य वाटत नाही.