घर भाड्याने दिल्यावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकुलता एक फ्लॅट किंवा वडिलोपार्जित घराचा एखादा मजला भाड्याने देणाऱ्या वाचकांची आहेत. कोणाच्या निवृत्तीवेतनाला या भाड्याची जोड असते, तर कोणाच्या गृहकर्जाचा हप्ता त्यातून जातो. बड्या मालकांच्या दिमतीला वकील असतात. या वाचकांच्या हाती बहुधा एजंटने दिलेली कराराची झेरॉक्स असते. पत्रे संक्षिप्त केली आहेत, पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि उत्तरे महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्याला धरून आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नाशिकमधील माझा वन बीएचके फ्लॅट एका कुटुंबाला दरमहा १४ हजार रुपयांनी अकरा महिन्यांसाठी दिला होता. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असे एजंटने सांगितल्यामुळे स्टॅम्प पेपरवर करार करून केवळ नोटरी केली. मुदत संपून चार महिने झाले. भाडे बंद आहे आणि ‘मुलांची परीक्षा झाली की सोडतो’ एवढेच उत्तर मिळते. ते गावी गेले की कुलूप बदलावे, नाहीतर वीज तोडावी, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : कुलूप बदलू नका आणि वीज-पाण्याला हात लावू नका. आज थकबाकीदार ते आहेत; कुलूप बदलताच पोलीस ठाण्यात उत्तरे देण्याची वेळ तुमच्यावर येईल आणि चार महिन्यांच्या भाड्याचा विषय मागे पडेल. अत्यावश्यक सोयी तोडणाऱ्या घरमालकाविरुद्ध भाडे नियंत्रण अधिनियमात स्वतंत्र तरतूदही आहे.

आता एजंटच्या सल्ल्याविषयी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी अधिनियम सांगतो आणि अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच पडली. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही अडचणीचा भाग पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल, तर ज्या अटींवर घर दिले त्याबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उद्या त्यांनी ‘भाडे नऊ हजार आणि मुदत तीन वर्षे ठरली होती’ असे सांगितले, तर ते खोडून काढण्याचे काम तुमचे.

ते काम तुम्हाला जमण्यासारखे आहे. अकरा महिने खात्यात १४ हजार रुपये जमा झाल्याच्या नोंदी बँकेकडून घ्या. ‘परीक्षा झाली की सोडतो’ हा निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल, तर तो जपून ठेवा, फोन बदलला तरी पुसला जाऊ देऊ नका. घर सोडायचे आहे हे त्यांना मान्य असल्याची ती त्यांच्याच हातची नोंद आहे. त्यानंतर वकिलांमार्फत रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. नोटिशीत मुदत कोणत्या तारखेला संपली, किती रक्कम थकली आणि कोणत्या तारखेपर्यंत ताबा हवा, एवढ्याच गोष्टी असाव्यात. मनस्तापाचे वर्णन त्यात घालू नये. मधल्या काळात त्यांनी पैसे दिले तर जरूर घ्या, पण पावतीवर ‘मुदतीनंतरच्या वापराबद्दलची भरपाई, ताबा मागण्याचा हक्क राखून’ असे लिहा, म्हणजे तुम्ही नवा करार मान्य केला असा अर्थ काढायला जागा उरणार नाही.

नोटिशीने काम झाले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (ताब्याचे अर्ज ऐकण्यासाठी भाडे नियंत्रण अधिनियमाखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा की दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, हे तुमचे कागद पाहून वकिलांनी ठरवावे. नोंदणीकृत करार असता तर हा प्रश्न फारसा उरला नसता. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदत संपलेल्या परवानाधारकाविरुद्ध, म्हणजे ठरावीक मुदतीच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याविरुद्ध, थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याला प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागू होते. तुमच्या हिशेबात ती महिन्याला २८ हजार रुपये झाली असती. माझ्या मते मात्र तुमच्यासारख्या प्रकरणात लेखी तडजोड आधी करून पाहावी. घर सोडण्याची निश्चित तारीख, थकबाकीचा आकडा आणि त्यातील किती रक्कम अनामतीतून वळती होणार, हे एका कागदावर लिहून घ्या, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एखाद्या महिन्याचे भाडे सोडून द्यावे लागले, तरी ते वर्षभराच्या तारखांपेक्षा स्वस्त पडते.

पुढच्या वेळी खर्चाकडे पाहून नोंदणी टाळू नका. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचे भाडे अधिक परत करायच्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का असते. १४ हजार रुपये भाडे आणि ५० हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांची बेरीज १,५८,५८३ रुपये होते आणि त्यावरील शुल्क चारशे रुपयांच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. एजंट सांगतो ती मोठी रक्कम मुख्यतः त्याची मजुरी असते.

प्रश्न : ठाण्यातील आमची सोसायटी भाडेकरू ठेवण्यापूर्वी ना हरकत प्रमाणपत्र आणि पाच हजार रुपये ‘देणगी’ मागते, अविवाहित मुलांना घर देऊ देत नाही आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) म्हणून दरमहा दोन हजार रुपये लावते. माझे सेवा शुल्क १,८०० रुपये आहे.

उत्तर : बिनभोगवटा शुल्काचा हिशेब सर्वांत सोपा आहे. राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. म्हणजे तुमच्याकडून दरमहा फार तर १८० रुपये घेता येतील. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी समितीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करणे पुरेसे असते. सक्तीने घेतलेल्या रकमेला देणगी म्हणत नाहीत. भाडेकरू अविवाहित आहे एवढ्याच कारणावरून सभासदाला अडवण्याचा अधिकारही उपविधी समितीला देत नाहीत.

मात्र जादा आकारणीचा राग मासिक देयकावर काढू नका. देयक थकले की वसुलीची कारवाई तुमच्यावर होते. मान्य रक्कम वेळेवर भरा, उरलेल्या आकारणीला लेखी हरकत घ्या आणि समितीने दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. समितीच्या सगळ्याच शंका खोट्या असतात असेही नाही. रात्रीचा गोंगाट, पार्किंग आणि एका खोलीत सहा जण राहणे या तक्रारी खऱ्या असतात. राहणाऱ्यांची संख्या आणि गाडीची जागा करारातच लिहिली, तर निम्मा विरोध तिथेच मावळतो.

प्रश्न : भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, हे खरे आहे काय?

उत्तर : नाही. बारा वर्षांची मुदत मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे घेतलेल्या प्रतिकूल कब्जाची आहे. तुमच्या संमतीने आत आलेल्या माणसाचा ताबा केवळ वर्षे उलटली म्हणून प्रतिकूल होत नाही, आणि ज्याच्याकडून घर घेतले त्याचा मालकीहक्क नाकारण्याची मुभाही पुराव्याचा कायदा त्याला देत नाही. दर मुदतीला नवा करार नोंदवत राहिलात, तर ही भीती बाळगण्याचे कारणच नाही.

प्रश्न : कोथरूडमधील फ्लॅट भाडेकरूने सोडला. रंग, भिंतीतील खिळ्यांची भोके, बाथरूमच्या छताला आलेली ओल आणि तुटलेला किचन ट्रॉलीचा ड्रॉवर, हे सारे मी अनामतीतून कापले. त्याने वकिलाची नोटीस धाडली आहे.

उत्तर : चार बाबींचा विचार वेगवेगळा करावा लागेल. दोन-तीन वर्षांच्या राहण्याने रंग मळणे ही वापराची झीज आहे. करारात रंगकामाची स्पष्ट अट नसेल तर तो खर्च घरमालकानेच सोसावा, असे माझे मत आहे. मोजक्या खिळ्यांचेही तेच. छताची ओल बहुतेक वेळा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून उतरते, तिचा भाडेकरूशी संबंध नाही. त्यासाठी सोसायटीला आणि वरच्या सभासदाला पत्र द्या. ड्रॉवर तुटला असेल, तर त्याच्या दुरुस्तीची रक्कम सुताराच्या बिलासह कापता येईल.

अशा वादात घर देतानाची यादी उपयोगी पडते. पंखे किती, गिझर कोणत्या कंपनीचा, नळ गळतो का, फरशीला कुठे तडा आहे आणि वीज मीटरचे रीडिंग किती, हे लिहून दोघांनी सही करावी आणि तारखेसह फोटो काढावेत. घर सोडताना तीच यादी हातात घेऊन भाडेकरूबरोबर खोल्या फिराव्यात. वीजजोडणी बहुधा मालकाच्याच नावे असते, त्यामुळे शेवटचे बिल भरल्याशिवाय हिशेब मिटवू नये. या प्रकरणात कपातीचा लेखी तपशील द्या, रंग आणि ओलीची रक्कम परत करा. नोटिशीला तेवढे उत्तर पुरेल.

प्रश्न : मी अबुधाबीत नोकरी करतो. पुण्यातील फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, पण करारासाठी येणे शक्य नाही.

उत्तर : पुण्यातील विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. करार करणे, तो नोंदवणे, भाडे स्वीकारणे आणि गरज पडल्यास ताब्यासाठी कारवाई करणे, हे अधिकार त्यात स्पष्टपणे लिहा. विक्रीचा अधिकार देण्याचे कारण नाही.

एक गोष्ट भाडेकरूला सुरुवातीलाच सांगा. मालक अनिवासी असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूला भाड्यातून आयकर कापून भरावा लागतो आणि तो दर सर्वसाधारणपणे उपकरासह ३१.२ टक्के पडतो. भारतात राहणाऱ्या मालकाच्या बाबतीतली महिना पन्नास हजारांची मर्यादा येथे लागू नाही. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेच्या तीस टक्के वजावट मिळत असल्याने तुमचा प्रत्यक्ष कर बहुधा कापलेल्या रकमेपेक्षा कमी येईल. त्यामुळे जादा कपात परत मिळवण्यासाठी दरवर्षी विवरणपत्र भरा आणि भाडे एनआरओ खात्यातच (अनिवासी भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यातच) जमा होईल असे पाहा.