डॉक्टरांना अर्धेच सांगितलेत

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिता की गेले सात महिने पहाटे साडेतीनला दचकून जाग येते, छाती धडधडते आणि कार्यालयातला एखादा हिशेब चुकला असेल, मुलाला काही होईल, असे विचार थांबत नाहीत. संध्याकाळी मात्र कशाचेच काही वाटेनासे होते, आणि परवा तर शेगडीसमोर उभ्या असूनही दूध उतू जाताना तुम्ही नुसत्या पाहत राहिलात. जिला एवढी काळजी वाटते तिला असे निर्विकार कसे वाटेल, मी ढोंग तर करत नाही ना, हा तुमचा प्रश्न आहे.

ढोंग नाही. चिंताविकार आणि नैराश्य पुष्कळदा एकाच माणसाला एकाच वेळी होतात. रात्रभर धास्तावलेले शरीर दिवसा थकते, थकव्याने कामे मागे पडतात, मागे पडलेली कामे पहाटे पुन्हा छातीवर बसतात, आणि या फेऱ्यात आपण निकामी आहोत ही समजूत घट्ट होत जाते. ‘जास्त विचार करू नकोस’ असे यजमान प्रेमानेच म्हणत असतील, पण विचार थांबवणे हातात असते तर तुम्ही हे पत्र लिहिलेच नसते.

मला खटकले ते निराळेच. तुम्ही डॉक्टरांकडे दोनदा गेलात, दोन्ही वेळा फक्त धडधड सांगितलीत. ईसीजी चांगला आला आणि तुम्ही फाइल घेऊन परतलात. न्हाणीघरातले रडणे, अन्नावरची उडालेली वासना, ‘झोपले की उठूच नये’ असे वाटणे, हे तुम्ही मला पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात लिहिलेत. डॉक्टरांना हाच भाग आधी सांगायला हवा होता. या आठवड्यात एका कागदावर दोन्ही लिहा : केव्हापासून, दिवसातून कधी, झोप किती, कामात काय अडते. तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खाजगी तपासणी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले नसेल तर तेही तपासून घ्या, कारण त्यांच्यातील बिघाडानेही अशीच लक्षणे दिसू शकतात.

गोळ्या जन्माच्या मागे लागतील, ही भीती मी समजू शकते. परंतु नैराश्यावरची नेहमीची औषधे नशेसारखी सवय लावत नाहीत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता थोडी वाढूही शकते, म्हणून कित्येक जण नेमके तिथेच औषध सोडतात. ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. सवयीचा धोका खरोखर असतो तो जावेकडून मागून घेतलेल्या झोपेच्या त्या अर्ध्या गोळीचा. ती किती दिवस घेत आहात हे डॉक्टरांना न लाजता सांगा. औषधांच्या जोडीला समुपदेशनही विचारा, विशेषतः विचार आणि वागणे यांची सांगड तपासणारी उपचारपद्धती, जी या दोन्ही त्रासांवर उपयोगी पडते.

कार्यालयात कळेल, ही धास्तीही तुम्ही लिहिली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाणे हा तुमचा हक्क आहे.

उठूच नये असे वाटण्याच्या पुढे जाऊन जीव द्यावासा वाटू लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच क्षणी यजमानांना उठवा, जवळच्या रुग्णालयात जा. शासनाच्या ‘टेली मानस’ या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

यजमानांना सोबत न्या, मात्र तपासणीच्या खोलीत पहिली दहा मिनिटे तुम्ही एकट्याच बोला, आणि तो कागद स्वतःच्या हाताने डॉक्टरांपुढे ठेवा.