किनाऱ्याची धूप होत असेल, तर दगडी बंधारा बांधून किनारा वाचतो का?

आपला प्रश्न असा आहे की समुद्र दरवर्षी आत सरकत असताना दगडी बंधारा बांधणे पुरेसे आहे का, आणि बंधारा झाल्यावरही त्याच्या पुढची पुळण का नाहीशी होते. माझे स्पष्ट मत असे आहे की बंधारा केवळ आपल्या मागची जमीन राखतो. पुळण राखण्यासाठी वाळू लागते, आणि बंधारा वाळू निर्माण करत नाही.

खोल समुद्रात लाटेबरोबर पाणी फारसे पुढे जात नाही, ऊर्जा जाते, आणि ती लाटेच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दुप्पट उंचीची लाट चौपट ऊर्जा घेऊन येते. पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेवर तळाचा परिणाम होऊ लागतो, पुढे तिचा वेग मंदावतो, उंची वाढते, आणि खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. उताराची रुंद पुळण ही ऊर्जा हळूहळू जिरवते. वादळात पुळणीवरची वाळू ओढली जाऊन थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो, पुढच्या मोठ्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात, आणि हवामान निवळल्यावर लांब, संथ लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणूनच एका वादळानंतर पुळण अरुंद दिसली, एवढ्यावरून कायमची धूप सुरू झाली असे मी म्हणणार नाही. त्यासाठी काही वर्षांची, प्रत्येक ऋतूतली मोजमापे हवीत.

उभा बंधारा या देवघेवीत अडथळा आणतो. त्याच्यावर आदळलेली लाट बरीचशी ऊर्जा घेऊन मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. शिवाय मागच्या वाळूच्या टेकड्यांमधून पुळणीला मिळणारी भर थांबते. किनारा मुळातच मागे सरकत असेल, तर पाण्याची रेषा बंधाऱ्यापर्यंत येते आणि मधली पुळण संपते. फ्रान्समध्ये 1950 च्या सुमारास विकसित झालेले टेट्रापॉड हे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे आपल्या फटींमध्ये लाटेचा जोर बराच मोडतात, पण वाळूची तूट त्यांनीही भरून निघत नाही.

ही तूट बहुधा दुसरीकडे निर्माण झालेली असते. तिरप्या लाटा वाळू तिरपी वर ढकलतात, परतणारे पाणी ती उताराने सरळ खाली आणते, आणि अशा नागमोडी वाटेने वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने प्रवास करते. वाटेत बंदराचा लाटरोधक किंवा समुद्रात आडवा काढलेला धक्का आला की एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील मॅपलटन येथे 1991 मध्ये असे दोन दगडी धक्के बांधले; गावाला संरक्षण मिळाले, मात्र त्याच्या दक्षिणेकडील कड्यांची धूप वाढली. नाईल नदीवर 1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि गाळ अडल्यामुळे शेकडो किलोमीटर दूरच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा वेगाने खचू लागला. धूप होत असलेल्या जागीच तिचे कारण शोधणे ही मला या विषयातील सर्वांत महाग चूक वाटते.

त्यामुळे जिथे जागा आहे तिथे वाळू भरणे मला अधिक पटते. नेदरलँड्सने 2011 मध्ये एकाच ठिकाणी सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू टाकली आणि ती आजूबाजूच्या किनाऱ्यावर पसरवण्याचे काम वारा, लाटा व प्रवाहांवर सोपवले. भरावाची वाळू मूळ वाळूइतकी किंवा थोडी जाड असावी, कारण बारीक वाळू लवकर वाहून जाते. आणि हा भराव काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो, हे आधीच धरून चालावे. कांदळवने लाटा उत्तम जिरवतात, पण ती खाडीच्या शांत, चिखलाच्या किनाऱ्यावर रुजतात. उघड्या वाळूवर टेकड्या आणि त्यांवरच्या वेली जपाव्यात.

हलवता न येणारा रस्ता, वस्ती किंवा वीजकेंद्र काठावर असेल, तर बंधाऱ्याला पर्याय उरत नाही, हे मला मान्य आहे. मात्र तो उताराचा, सच्छिद्र दगडांचा असावा, लाटा पायथ्याची वाळू जितकी खोल उकरू शकतील त्याच्याही खाली त्याचा पाया न्यावा, आणि त्याची टोके जिथे संपतात तिथल्या लगतच्या किनाऱ्याची मोजणी बांधकामाच्या आधीपासून सुरू करावी, कारण नवी धूप बहुधा तिथेच प्रथम दिसते.