आवडीचा क्लास मुलीला अचानक नकोसा का होतो?

"एवढी आवड होती, मग आता क्लासला जाताना रडते का? जबरदस्ती करावी की बंद करावा?" आठवी-नववीतल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. एका मुलीचे आईबाबा याचसाठी माझ्याकडे आले होते. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) लहानपणापासून ती शनिवार-रविवार चित्रकलेच्या क्लासला उड्या मारत जायची. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली. आता आठवीत शनिवार उजाडला की पोट दुखतं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलेलं.

क्लास कशासाठी, हे मी तिघांना वेगवेगळं विचारलं. बाबा म्हणाले, "पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला सात गुण वाढतात, मॅडम. कोण सोडेल?" आई जरा घुटमळली. "मोबाईलपासून दोन तास सुटका होते तिची. आणि खरं सांगू? क्लासच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जणी बसतो. आठवड्यात माझं असं तेवढंच." यात लाजण्यासारखं काय आहे? कित्येक घरं अशा क्लासला वर्षानुवर्षं टिकतात ती ओट्यावरच्या गप्पांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगी म्हणाली, "आधी सर म्हणायचे, काढ तुला हवं ते. आता घड्याळ लावून स्थिरचित्र, मग स्मरणचित्र. भूमितीचा पेपर म्हणजे तर गणितच! आणि घरी आलं की बाबा, 'ए येईल ना?'"

वह्यांची मागची पानं मात्र मांजरांनी भरलेली होती. म्हणजे चित्र काढणं तिला हवंच होतं, परीक्षेच्या बॅचचा तिला वीट आला होता.

इंटरमिजिएट नववीतही देता येते, त्यामुळे सात गुण लगेच बुडत नाहीत, हे बाबांना पटवायला दोन बैठका गेल्या. सरांनी तिला परीक्षेच्या बॅचमधून काढून शनिवारच्या मोकळ्या बॅचला घेतलं. आईचा ओटा शाबूत राहिला.

तुमच्याकडे असं झालं तर महिना-दोन महिने परीक्षेचा विषय पूर्ण बाजूला ठेवून बघा. तरीही मूल नको म्हणालं तर खुशाल बंद करा, फी भरली असली तरी.

या मुलीची पोटदुखी हळूहळू थांबली. परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, ते नववीत तीच ठरवणार आहे. बाबा अजून ग्रेडचं विचारतात, पण फोन मला करतात.